वळताना टकटक, उभ्या गाडीत डुंग: दोन आवाजांचा माग

गाडी 2017 ची पेट्रोल हॅचबॅक. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना, इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग, मीटरवर 81 हजार किलोमीटर. पावसाळा संपता संपता वळताना आवाज यायला लागला. दसऱ्याला गाडी धुतली तेव्हा उजव्या पुढच्या रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले आणि तिथून शोध सुरू झाला. दिवाळी मध्ये आल्यामुळे काम ऑक्टोबरअखेर पूर्ण झालं. कोणता आवाज कशाचा, तो कसा पकडायचा, गॅरेजमध्ये काय विचारायचं आणि किती पैसे लागतात, ते क्रमाने लिहितो. पुण्यातला 2025 चा खर्च आहे, इतर गावांत थोडं इकडेतिकडे होईल.

"वळताना आवाज येतो" एवढ्यावर कुणीच निदान करू शकत नाही. आवाज नेमका केव्हा येतो ते आधी वेगळं करावं लागतं. गाडी उभी असताना नुसतं स्टेअरिंग फिरवलं तर येतो का? हळू वेगात पूर्ण स्टेअरिंग कापून ॲक्सिलरेटर दिला की येतो का? साठच्या वेगात लांबलचक वळणावर येतो का? की वळण आणि खड्डा एकत्र आला तरच? या चार प्रश्नांची उत्तरं चार वेगवेगळ्या भागांकडे जातात. आमच्या गाडीत दोन आवाज एकात एक मिसळले होते, म्हणून आधी काहीच धड कळेना.

सुरुवात फुकटच्या तपासण्यांनी करावी. चारही चाकांचे नट पान्याने ताणून बघा. छोट्या गाड्यांना हा टॉर्क साधारण 85 ते 110 न्यूटन-मीटर असतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात मिळतो. प्लॅस्टिकचे व्हील कव्हर काढून एक फेरी मारा. त्याची एखादी क्लिप तुटली असेल तर अगदी खराब ॲक्सलसारखी टकटक होते. टायरच्या खाचेत अडकलेली खडीही तसाच आवाज करते, फक्त ती सरळ रस्त्यावरही वाजते. टायर कंपनीच्या मापापेक्षा रुंद असतील तर पूर्ण वळणावर आतल्या प्लॅस्टिकच्या लायनरला घासतात आणि तिथे चकाकणारा पट्टा पडतो. मॉलच्या गुळगुळीत रंगवलेल्या पार्किंगमध्ये टायर किंचाळतात तो मात्र दोष नाही. तीव्र वळणावर प्रत्येक टायर थोडा घसरतोच, तिथली फरशी ते ऐकवते इतकंच.

एवढं झाल्यावर मोकळं मैदान गाठायचं. पहिला गिअर, स्टेअरिंग पूर्ण डावीकडे, हळूहळू ॲक्सिलरेटर देत गोल फेऱ्या. मग उजवीकडे. मग दोन्ही बाजूंना रिव्हर्समध्ये. आमच्या गाडीत डावीकडे वळताना ॲक्सिलरेटर दिला की टक-टक-टक सुरू व्हायचं, चाकाचा वेग वाढला की टकटकही वाढायची आणि क्लच दाबून गाडी नुसती घरंगळू दिली की जवळजवळ थांबायची. वळणाच्या बाहेरच्या बाजूच्या चाकावर भार येतो, म्हणून डाव्या वळणावर आवाज आला तर बहुधा उजव्या ॲक्सलचा जॉइंट, म्हणजे सांधा. बहुधा म्हणतोय, कारण बंद केबिनमध्ये आवाजाची बाजू फसवते. कंपाउंडच्या भिंतीला समांतर, त्या बाजूची काच खाली करून गाडी हळू चालवली की भिंतीवरून परत येणारा आवाज बाजू स्पष्ट सांगतो. भिंत नसेल तर एखाद्याला मैदानात मधोमध उभं करून ऐकायला सांगा, चालत्या गाडीपासून सुरक्षित अंतर राखून.

टकटक का होते ते समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. गिअरबॉक्समधून निघालेली दांडी, म्हणजे ॲक्सल, पुढच्या चाकाला फिरवते. चाक मात्र वर-खालीही होतं आणि डावी-उजवीकडे वळतंही. म्हणून दांडीच्या दोन्ही टोकांना सीव्ही जॉइंट असतो. बाजारात त्यांना 'गिअर साइड' आणि 'व्हील साइड' म्हणतात. व्हील साइडच्या कपात सहा पोलादी गोळ्या, त्यांना धरून ठेवणारी जाळी आणि गोळ्या फिरायला खाचा असतात. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, त्यामुळे खाचांची झीज ठरावीक जागी होते. तीव्र वळणावर गोळ्या त्या झिजलेल्या जागेच्या काठावरून उडी मारतात, तीच टकटक. या सगळ्यावर रबराचा बूट असतो आणि त्याच्या आत काळं मॉलिब्डेनमचं ग्रीस. बूट फाटला की चाकाच्या वेगाने ग्रीस बाहेर फेकलं जातं आणि पावसाचं पाणी, वाळू, रस्त्याची खडी आत जाते. शिंतोडे दिसले त्याच आठवड्यात नुसता बूट बदलला तर जॉइंट वाचतो. टकटक सुरू झाल्यावर नवं ग्रीस भरून काही हाती लागत नाही. अँबेसिडर आणि पद्मिनीचा जोर मागच्या चाकांवर होता, तिथे हे दुखणं नव्हतं. 1983 मध्ये मारुती 800 आली आणि तिच्यासोबत 'ॲक्सल बूट' हा शब्द आपल्या गॅरेजांत रुळला.

दुसरा आवाज उभ्या गाडीत यायचा. इंजिन चालू ठेवून स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं की मध्येच एकदा 'डुंग', पाण्याच्या रिकाम्या स्टीलच्या पिंपाला ठोसा मारल्यासारखा. हाताला स्टेअरिंग किंचित अडकून सुटल्याचं जाणवायचं आणि वळणावरून ते आपोआप मध्यभागी यायला कुचराई करायचं. याची तपासणी दोघांनी मिळून करायची असते. बॉनेट उघडा, एकाने स्टेअरिंग हळू फिरवायचं, दुसऱ्याने चाकाच्या कमानीतून हात घालून पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या स्प्रिंगला बाहेरून तळहात लावायचा. बोटं स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये कधीही घालू नयेत. ठणठणीत गाडीत स्प्रिंग चाकासोबत सलग फिरते. आमच्याकडे उजवी स्प्रिंग सलग फिरत होती. डावी मात्र आधी जागच्या जागी पिळली जात होती आणि मग झटक्याने सुटत होती. डुंग नेमकी त्याच क्षणी.

शॉकॲब्सॉर्बरच्या वरच्या टोकाला, बॉनेटखाली, एक रबरी माउंटिंग असतं आणि त्यात सपाट बेअरिंग. स्टेअरिंग वळतं तेव्हा स्प्रिंगसकट अख्खा शॉक फिरतो, तो या बेअरिंगवर. बेअरिंग गंजून जाम झालं की स्प्रिंगला फिरायला वाव उरत नाही. ती घड्याळाच्या चावीगत ताणत जाते आणि ताण घर्षणावर मात करतो तेव्हा उसळते. आमच्या डाव्या माउंटिंगवरची प्लॅस्टिकची टोपी गायब होती. पावसाळाभर काचेवरून ओघळणारं पाणी तिथे साचत असणार. ही टोपी पन्नास-साठ रुपयांची वस्तू. बॉनेट उघडाल तेव्हा दोन्ही टोप्या जागेवर आहेत ना, तेवढं बघत जा.

दोन्ही आवाजांचं रेकॉर्डिंग फोनवर घेतलं. केबिनमध्ये फोन इंजिनाचा आवाजच जास्त पकडतो, म्हणून मदतनीसाने उघड्या काचेबाहेर फोन धरला. प्रत्येक रेकॉर्डिंगला नाव दिलं: 'डावं वळण, पहिला गिअर, ॲक्सिलरेटर देऊन', 'उभी गाडी, डावीकडून उजवीकडे'. नंतर याचा फार उपयोग झाला.

6 ऑक्टोबरला अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन केला, 9 तारीख मिळाली. तिथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. जॉब कार्डवर सल्लागार सवयीने 'फ्रंट नॉइज' लिहून मोकळे होतात. आवाज कोणत्या दिशेला, किती वेगात, ॲक्सिलरेटर देऊन की सोडून, हे त्यांच्याकडून लिहून घ्या आणि मगच सही करा. जो तंत्रज्ञ गाडी बघणार त्याच्यासोबत चक्कर मारायची आहे, असंही तेव्हाच सांगा. आमची टेस्ट ड्राइव्ह झाली ती आवाराबाहेरच्या सरळ रस्त्यावर, एका यू टर्नपुरती. दुपारी अंदाजपत्रक हाती आलं: स्टेअरिंग रॅक (स्टेअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणारी दातेरी दांडी) बदलावा लागेल, भाग आणि मजुरी धरून 24 हजारांच्या आसपास, भाग मागवायला आठ-दहा दिवस. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

रॅक खराब होत नाही असं मुळीच नाही. होतो, पण त्याची लक्षणं निराळी. खराब रस्त्यावर सरळ जाताना खडखड येते, तिचे धक्के स्टेअरिंगमध्ये हाताला लागतात आणि स्टेअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवलं तरी ठकठक होते. वळणाच्या कोनाशी आणि चाकाच्या वेगाशी बांधलेली टकटक रॅक करत नाही. चाक जमिनीपासून उचलून घड्याळातल्या 9 आणि 3 च्या जागी धरून हलवलं आणि खेळ जाणवला तर टाय रॉड एंड (रॅकला चाकाशी जोडणारा सांधा) किंवा रॅकच्या टोकाचा जॉइंट. 12 आणि 6 च्या जागी धरून खेळ जाणवला तर व्हील बेअरिंग किंवा लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा, बॉल जॉइंट. आमच्या गाडीत दोन्हीकडे काहीच खेळ नव्हता. म्हणून काम नाकारलं. तपासणीचे 600 रुपये आणि 18 टक्के जीएसटी मिळून 708 रुपये भरले, 'ग्राहकाने काम नाकारले' या शेऱ्याखाली सही केली आणि अंदाजपत्रकाची छापील प्रत मागून घेतली. ही प्रत जपून ठेवावी. दुसरीकडे दाखवायला आणि भागांचे क्रमांक जुळवायला ती कामी येते.

वाढीव वॉरंटी असेल तर याच टप्प्यावर तिची कागदपत्रं वाचा. रबरी भाग, बूट, बुश (सांध्यांतली रबरी कडी) हे झिजणारे भाग म्हणून बऱ्याच करारांतून वगळलेले असतात. फाटक्या बुटामुळे जॉइंट गेला तर तेही 'देखभालीचा अभाव' म्हणून नाकारलं जाऊ शकतं. विम्यात सामान्य झीज बसत नाहीच.

11 ऑक्टोबरला, शनिवारी, ओळखीच्या गॅरेजमध्ये गाडी दोन खांबांच्या लिफ्टवर चढवली. मिस्त्रींनी रेकॉर्डिंग ऐकलं आणि म्हणाले, "साहेब, टकटक ॲक्सलची आहे, पण वर उचलून सगळं बघू, मग भाग आणा." ही सगळं बघण्याची तयारीच चांगल्या मिस्त्रीची खूण. उजव्या व्हील साइड बुटाला दुसऱ्या घडीत दोन बोटं लांब चीर होती. डावं माउंटिंग जाम. उजव्या लिंक रॉडच्या खालच्या बॉलमध्ये थोडा खेळ. लोअर आर्मच्या मागच्या बुशवर बारीक केसांसारख्या भेगा, पण पहार लावून ढकलल्यावर रबर धातूपासून सुटत नव्हतं, म्हणून ते तसंच ठेवायचं ठरलं. बॉल जॉइंट घट्ट.

लिंक रॉडबद्दल थोडं. तो स्टॅबिलायझर बारला, म्हणजे गाडीचं कलंडणं कमी करणाऱ्या आडव्या दांडीला, शॉकशी जोडतो. त्याचा आवाज वळताना, आणि एक चाक वर दुसरं खाली असताना येतो, म्हणजे स्पीड ब्रेकर तिरका घेतला किंवा सोसायटीच्या उतारावरून वळत बाहेर पडलं की. दोन्ही चाकं एकदम स्पीड ब्रेकरवर चढवली की बार पिळला जात नाही आणि आवाज गप्प बसतो. खात्रीच करायची असेल तर दोन्ही बाजूंचे लिंक रॉड तात्पुरते काढून गल्लीत दहाच्या वेगाने एक फेरी मारतात. आवाज गेला तर तेच. हे फक्त तपासणीपुरतं, कारण त्यांच्याविना गाडी वळणावर जास्त कलंडते.

व्हील बेअरिंगची तपासणी रस्त्यावरच केली. बेअरिंगचा आवाज घोंघावणारा असतो, 40 च्या पुढे सुरू होतो आणि गाडी न्यूट्रल केली तरी थांबत नाही. रिकाम्या रस्त्यावर 50-60 च्या वेगात गाडी अलगद डावीकडे झुकवली की भार उजव्या बाजूला जातो. तेव्हा घोंघावणं वाढलं तर बेअरिंग उजवं. घासलेले टायरही असाच आवाज करतात, मात्र तो वळणावर फारसा बदलत नाही. आमच्याकडे काही घोंघावत नव्हतं.

ज्यांची गाडी जुनी आहे आणि पॉवर स्टेअरिंग तेलावर चालतं, त्यांनी कूं-कूं असा आवाज ऐकला तर आधी तेलाची पातळी बघावी. पातळी कमी किंवा तेलात फेस असेल तर कुठेतरी गळती आहे, नुसतं तेल ओतत राहू नये. स्टेअरिंग अगदी टोकाला नेऊन धरलं की पंपाचा थोडा आवाज येणारच. पण तसं पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नये, दाब आणि उष्णता वाढते. स्टेअरिंगच्या आतून कागद चुरगळल्यासारखी सळसळ येत असेल, सोबत हॉर्न मध्येच बंद पडत असेल किंवा एअरबॅगचा दिवा लागत असेल, तर ती क्लॉक स्प्रिंग, म्हणजे स्टेअरिंगच्या आतली वायरची गुंडाळलेली पट्टी. तिथे एअरबॅग आहे, घरी हात लावू नका. पायांपाशी, पेडलांच्या वर ठक असा आवाज येत असेल तर स्टेअरिंगच्या मधल्या दांडीचा जॉइंट. बोलेरो, इको अशा मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांना पुढे ॲक्सल नसतात, तिथे सीव्ही जॉइंटवर खर्च करण्याचा प्रश्नच नाही. आणि थारसारखी गाडी कोरड्या डांबरावर 4एच मध्ये (चारही चाकांना जोर) ठेवून वळवली तर चाकं उड्या मारतात, गाडी अडखळते, आवाज करते. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, जोडलेल्या ट्रान्सफर केसला (पुढे-मागे ताकद वाटणारी पेटी) ते चालत नाही. 2एच मध्ये (फक्त मागच्या चाकांना जोर) आणलं की झालं.

भाग नाना पेठेतून, म्हणजे पुण्यातल्या सुट्या भागांच्या बाजारातून, घेतले. तिथे जाताना गाडीचा चेसिस क्रमांक, अंदाजपत्रकातले भागांचे क्रमांक आणि जमल्यास जुना भाग सोबत असावा. सीव्ही जॉइंटमध्ये आतले आणि बाहेरचे दाते मोजून जुळवावे लागतात. एकाच मॉडेलच्या एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या आणि नसलेल्या गाड्यांत जॉइंट वेगळा असू शकतो, कारण काही जॉइंटवर एबीएसची दातेरी रिंग बसवलेली असते. चुकीचा जॉइंट बसतो, गाडीही चालते आणि डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागून राहतो.

व्हील साइड जॉइंटचा किट 2,150 रुपयांना मिळाला. त्यात जॉइंट, बूट, ग्रीसची पुडी, दोन क्लॅम्प, सर्कलिप (जॉइंट दांडीवर अडकवणारी कडी) आणि नवा ॲक्सल नट होता. हजार-बाराशेचे जॉइंटही दाखवले गेले. त्यांच्या गोळ्या आणि खाचांचं पोलाद कसं आहे ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून नावाजलेल्या पुरवठादाराचाच घ्यावा. अख्खी ॲक्सल असेंब्ली घ्यावी असंही कुणी सुचवतं. दोन्ही टोकं खराब असतील तरच ती परवडते. माउंटिंग बेअरिंगसह, दोन्ही बाजूंचे मिळून 2,300. एकच बदललं तर स्टेअरिंग दोन बाजूंना वेगळं वागतं, शिवाय दुसरंही त्याच वयाचं असतं. लिंक रॉडची जोडी 1,250. गिअर ऑइल अडीच लिटर 1,100, ऑइल सील 150. 22 सप्टेंबर 2025 पासून 28 टक्क्यांतले सुटे भागही 18 टक्के जीएसटीत आले, पण जुन्या छापील किमतीचे बॉक्स दुकानांत तेव्हाही होते. बिल मागा आणि त्यावर टक्का बघा.

माउंटिंग त्या दिवशी हाती आले नाहीत, मागवावे लागले. वसुबारस 17 तारखेला होती, गॅरेजमधली पोरं गावाला निघाली होती आणि बाजार लक्ष्मीपूजनानंतर थंडावला. काम 28 ऑक्टोबरवर गेलं.

मधल्या काळात गाडी चालवावी की नाही, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. जॉइंट नुसता टकटकतोय तर शहरात, हळू, पूर्ण वळणावर जोरात ॲक्सिलरेटर न देता काम भागतं. लांबचा प्रवास आणि घाट टाळावा. जॉइंट पूर्ण तुटला तर इंजिन चालू राहतं, गिअर पडतो आणि गाडी हलत नाही. घाटात चढावर ते कसं होईल याची कल्पना करा. माउंटिंगचं बेअरिंगही काही दिवस दम धरतं. पण तपासणीत लोअर आर्मचा बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंड ढिला निघाला तर गाडी तिथेच ठेवायची. तो निसटला की चाक हवं तिकडे वळतं आणि तुमच्या हातात नुसतं स्टेअरिंग राहतं.

28 तारखेला सकाळी काम सुरू झालं. ॲक्सलचा नट गाडी चारही चाकांवर उभी असताना सैल करतात, एकाने ब्रेक दाबून धरायचा. नटाची कड दांडीच्या खाचेत ठोकून बसवलेली असते, ती आधी छिन्नीने उघडावी लागते. न उघडता गोटी पाना लावला तर दांडीचे आटे खराब होतात. मग गाडी वर, चाकं बाहेर, गिअर ऑइल खाली. गिअर साइडचा बूट फाटलेला नसेल तर ॲक्सल गिअरबॉक्समधून न काढताही व्हील साइड जॉइंट बदलता येतो आणि तेल, सील दोन्ही वाचतं. आमचा आतला बूट कडक झाला होता आणि तेलही बदलायला आलं होतं, म्हणून पूर्ण ॲक्सल बाहेर काढला. आतला बूट साफ करून तपासला. चीर नव्हती, तो तसाच ठेवला.

लोअर आर्मचा बॉल जॉइंट नकलमधून (चाकाचं हब धरणारा ओतीव भाग) सोडवला, हब बाहेर ओढला आणि ॲक्सलच्या टोकावर नट दोन आटे ठेवून पितळी दांडीने ठोकलं. सरळ लोखंडी हातोडा मारला तर टोक फुलतं आणि पुढे नट चढत नाही. ॲक्सल व्हाइसमध्ये धरून जुना बूट कापला. आतलं ग्रीस काळं राहिलं नव्हतं, तपकिरी आणि पातळ झालं होतं, चिमटीत घेतल्यावर वाळू कचकचत होती. जॉइंट डिझेलने धुऊन खाचेवरून नख फिरवलं तर एका जागी कड स्पष्ट लागत होती. सहांपैकी चार खाचांत ती होती.

नवा बसवताना क्रम सांभाळावा लागतो. आधी छोटा क्लॅम्प आणि बूट दांडीवर सरकवायचे, मग नवी सर्कलिप, मग जॉइंट. बूट चढवायचा राहिला तर बसलेला जॉइंट पुन्हा ठोकून काढावा लागतो आणि सर्कलिप वाया जाते. जॉइंट सरळ रेषेत ठोकला की सर्कलिप खट् करून बसते. मग ओढून खात्री करायची. पुडीतलं ग्रीस सगळं वापरायचं, आमच्या किटमध्ये 90 ग्रॅम होतं. अर्ध्याहून जास्त गोळ्यांमध्ये बोटाने दाबून, उरलेलं बुटात. डब्यातलं व्हील बेअरिंगचं साधं ग्रीस त्यात मिसळू नये. क्लॅम्पच्या जागी तार किंवा प्लॅस्टिकची पट्टी लावायला नकार द्या. चाकाच्या वेगाने ती सैल होते आणि ग्रीस पुन्हा रिमवर.

शॉक उतरवताना नकलच्या दोन बोल्टांची जागा खडूने खुणावली. स्प्रिंग दाबायचं साधन दोन्ही बाजूंनी समान घट्ट करत स्प्रिंग तिच्या वाटीवरून सैल झाल्यावरच वरचा नट उघडायचा. आधी उघडला तर स्प्रिंग वरची वाटी उडवते आणि त्यात माणसं जखमी होतात. हे काम साधन नसताना घरी कुणी करू नये. डावं जुनं बेअरिंग हातात घेऊन फिरवलं तर फिरेचना, जोर लावल्यावर गंजाची लाल भुकटी पडली. स्प्रिंग परत ठेवताना तिचं खालचं टोक वाटीतल्या थांब्याला टेकलं पाहिजे. तसं बसलं नाही तर नवं माउंटिंग टाकूनही आवाज येतो आणि लोक पुन्हा रॅककडे बघायला लागतात.

लिंक रॉड दोन्ही बाजूंना बसले, गिअर ऑइल भरलं. ॲक्सलचा नवा नट गाडी चाकांवर उतरवून टॉर्क पान्याने कंपनीच्या आकड्याला घट्ट केला आणि कड खाचेत ठोकली. जुना नट परत वापरू देऊ नका. तो ठोकलेल्या जागी कमजोर झालेला असतो आणि सैल पडला तर व्हील बेअरिंग घेऊन जातो.

संध्याकाळी चक्कर मारली. टकटक गेली, डुंग गेली आणि डाव्या चाकातून तिसराच आवाज आला: वळताना बारीक धातू घासल्याची सिस्स. काम करताना ब्रेक डिस्कमागचा पातळ पत्रा वाकून डिस्कला टेकला होता. असं होतं. नकल हलवली की हा पत्रा हमखास मार खातो, कधी त्यात खडी अडकूनही हाच आवाज येतो. चपट्या स्क्रू ड्रायव्हरने तो सगळीकडून दोन-तीन मिलिमीटर बाहेर वाकवला. खर्च शून्य. मोठ्या कामानंतर आलेला नवा आवाज ऐकून लगेच नवा भाग आणायला धावायचं नाही, आधी ज्या जागी हात लागला ती जागा बघायची.

दुसऱ्या दिवशी व्हील अलाइनमेंट केली, 500 रुपये. शॉकचे बोल्ट उघडले की ती करावीच लागते, खडूची खूण असली तरी. मजुरी ॲक्सलची 900, दोन्ही शॉक 1,400, लिंक रॉड 300. सगळं मिळून 10,050 आणि आधीची तपासणी 708 रुपये.

बिलावर प्रत्येक भागाचं कंपनीचं नाव आणि किलोमीटर लिहून घेतले, जॉइंटच्या वॉरंटीला तेच लागतं. जुने भाग परत मागितले. शंभर किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा ताणले आणि बुटाच्या क्लॅम्पभोवती ग्रीस येतंय का ते पाहिलं. गिअरबॉक्सच्या सीलपाशीही कोरडं होतं. आता दर ऑइल बदलाच्या वेळी स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून, टॉर्च लावून, बुटाच्या प्रत्येक घडीत बघायचं. बाहेरच्या घड्या उघडतात तेव्हाच चीर दिसते, सरळ चाकात ती मिटलेली असते.